भोंगा कोणाचा, पैसा कोणाचा? निवडणूक प्रचाराच्या नियमांचा एक इतिहास

१/ २४ एप्रिल २०२४ रोजी सायंकाळी ६ वाजता मंठा तालुक्यातील लोकसभेचा जाहीर प्रचार कायद्याने थांबला. त्याच जिल्ह्याच्या मुख्यालयात, जालना शहरात, मात्र तो थांबण्याचे काही कारणच नव्हते. तेथे तो आणखी सतरा दिवस चालणार होता. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, बाजारपेठ एक, आणि तरीही एका गावात कायद्याची शांतता तर दुसऱ्या गावात भोंगा चालू. प्रस्तुत धागा या विसंगतीविषयी आहे, आणि प्रचाराला वेसण घालणाऱ्या आपल्या नियमांना नेमके काय दिसते व काय दिसत नाही, याविषयी.

२/ विसंगतीचे मूळ नकाशात आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. औरंगाबाद जिल्ह्याचे काही तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका यांतून तो घडला. मंठ्याचा परिसर त्यापूर्वी परभणीकडे होता. जिल्हा बदलला, तरी मतदारसंघाने जुनी सोयरीक सोडली नाही. मंठा आजही परतूर विधानसभा मतदारसंघात येतो आणि परतूर परभणी लोकसभा मतदारसंघात. २०२४ साली परभणीचे मतदान २६ एप्रिलला झाले, जालन्याचे १३ मेला.

३/ लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२६ सांगते की मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत त्या मतदान क्षेत्रात सभा नको, मिरवणूक नको, सिनेमा वा दूरचित्रवाणीवरून निवडणूकविषयक मजकूर दाखवणे नको. आणि लोकांना ओढून आणण्यासाठी संगीताचा कार्यक्रम वा नाट्यप्रयोगही नको. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. कलमाचे आजचे रूप १९९६ च्या दुरुस्तीतून आले.

४/ यातील संगीत-नाटकाचा उल्लेख महाराष्ट्रातील वाचकाने किंचित थांबून वाचावा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी डफावर जे उभे केले ते कोणत्याही वृत्तपत्रापेक्षा दूर पोचले. अत्र्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये निघाला, १९५७ ची निवडणूक त्याने गाजवली. परंतु वाचता न येणाऱ्या मतदारापर्यंत तो कोणाच्या तरी गळ्यातूनच जात होता. शाहिरीचे हे सामर्थ्य कलमाला ठाऊक आहे.

५/ कलमाला ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे छापील वृत्तपत्र. कलम १२६ मध्ये त्याचा उल्लेख नाही. मंठ्यात २५ एप्रिलच्या सकाळी रिक्षावर कर्णा लावून उमेदवाराचे नाव पुकारणारा गुन्हेगार ठरतो. त्याच सकाळी दारात पडलेल्या अंकातील पानभर जाहिरात या कलमाखाली गुन्हा ठरत नाही. पुढे आयोगाने स्वतःच्या आदेशांनी मतदानाच्या व आदल्या दिवसाच्या छापील जाहिरातींना पूर्वप्रमाणन लागू केले, म्हणजे त्या आधी समितीला दाखवून घ्याव्या लागतात. पण दाखवून घेतल्या की छापता येतात.

६/ आणि वृत्तपत्राची जिल्हा आवृत्ती मतदारसंघाची सीमा पाळत नाही, वाहिनी तर मुळीच नाही. टप्प्याटप्प्याने मतदान होत असताना ज्या भागात शांतता काळ चालू आहे तेथील पक्ष-उमेदवारांसाठी अन्यत्रच्या सभेतून मत मागू नये, असा सल्ला आयोग देतो. परंतु जालन्याच्या सभेत नेता जे बोलतो ते मंठ्यातल्या हॉटेलातील टीव्हीवर दिसतेच. त्यात परभणीचे नाव घेतले नाही म्हणून ऐकणाऱ्यावर त्याचा परिणाम होत नाही, असे कोण म्हणेल? राष्ट्रव्यापी माध्यमांच्या काळात मतदारसंघापुरती शांतता ही कायद्याने स्वतःची काढलेली समजूत आहे. ती निरुपयोगी नाही, दारोदारीचा गोंगाट तिने थांबतो. पण तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

७/ आता थोडे मागे, १८६७ कडे. त्या वर्षीच्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण बंधनकारक केले. हेतू उघडच होता. १८५७ नंतरच्या सरकारला देशी भाषांत कोण काय छापतो यावर नजर ठेवायची होती. हा कायदा इतका टिकाऊ निघाला की त्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२३ साली केला.

८/ स्वतंत्र भारताने या पाळतीच्या साधनाचा एक वेगळाच उपयोग करून घेतला, आणि त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही. १९६१ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७ क आले. निवडणुकीचे प्रत्येक पत्रक, प्रत्येक भित्तिपत्रक यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने आपली ओळख सांगणारे, स्वतःच्या सहीचे आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले निवेदन दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचे. मुद्रकाने छापून झाल्यावर त्याची एक प्रत पत्रकासह जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

९/ या कलमाचे सौंदर्य असे की त्याला मजकुराशी कर्तव्य नाही. पत्रकात काय लिहावे हे ते सांगत नाही, एकही शब्द खोडत नाही. ते एवढेच विचारते की हे कोण बोलतो आहे. मतदाराला बोलणाऱ्याचे नाव कळले की बोलण्याचे वजन तो स्वतः ठरवतो. तालुक्याच्या गावातील लहानशा छापखान्यातून निघालेल्या हस्तपत्रिकेच्या तळाशी दिसणारी ती बारीक अक्षरातील ओळ हा आपल्या प्रचारनियमांतील सर्वांत समंजस भाग आहे.

१०/ दुसरे तत्त्व समतेचे. ते आकाशवाणीच्या मार्गाने आले, आणि आणीबाणीच्या अनुभवातून आले. सरकारी नभोवाणी एका पक्षाच्या सेवेत गेली की काय होते, हे देशाने १९७५ ते १९७७ या काळात पाहिले होते. १९७७ च्या निवडणुकीत प्रथमच मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी व दूरदर्शनवर प्रचारासाठी वेळ देण्यात आला. १९९८ मध्ये आयोगाने या योजनेला औपचारिक रूप दिले, आणि २००३ च्या दुरुस्तीने कलम ३९ क आणून माध्यमांतील वेळेच्या न्याय्य वाटपाची तरतूद कायद्यात केली.

११/ योजना साधी आहे. प्रत्येक पात्र पक्षाला काही वेळ सारखा, त्यावरचा वेळ मागील निवडणुकीतील मतांच्या प्रमाणात. एका प्रक्षेपणात १५ मिनिटांहून अधिक नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून. पैसा लागत नाही. २०२३ पासून वाटप संगणकीय व्हाउचरांनी होते, एवढाच काय तो बदल. ब्रिटनमध्ये नभोवाणीने १९२४ च्या निवडणुकीतच तिन्ही प्रमुख पक्षनेत्यांना भाषणाची संधी दिली होती, आणि तेथे दूरचित्रवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करण्यास आजही बंदी आहे. आपण मोफत वेळेची कल्पना स्वीकारली. बंदीची कल्पना मात्र काही वर्षे सांभाळून नंतर सोडून दिली.

१२/ या मोफत वेळेला एक अट आहे. भाषणाची संहिता आधी द्यावी लागते. इतर देशांवर टीका नको, धर्म वा समुदायावर हल्ला नको, बदनामी नको, हिंसेस चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, राष्ट्रपती वा न्यायव्यवस्थेच्या सचोटीवर शिंतोडे नकोत, कोणाही व्यक्तीचे नाव घेऊन टीका नको. यादी वाचताना वाजवी वाटते. मे २०२४ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना आपल्या भाषणांतील काही शब्द गाळावे लागले. येचुरींच्या संहितेतून सरकारच्या जातीय-हुकूमशाही स्वरूपाविषयीचे शब्द गेले. देवराजन यांना ‘मुस्लिम’ हा शब्द वगळण्यास सांगण्यात आले. निवडणुकीच्या भाषणात सरकारवर कठोर विशेषण वापरता येत नसेल तर विरोधी पक्षाने त्या पंधरा मिनिटांत करायचे तरी काय, हा प्रश्न यादीने सोडवलेला नाही.

१३/ खासगी वाहिन्यांची कथा निराळी. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये राजकीय स्वरूपाच्या जाहिरातींना सरसकट मनाई होती. हा वाद आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने मधला मार्ग निघाला: राजकीय जाहिरात चालेल, मात्र प्रसारणापूर्वी ती प्रमाणित करून घ्यावी लागेल. दोनच दिवसांत आयोगाने त्याची कार्यपद्धती काढली. नोंदणीकृत पक्ष व उमेदवारांनी किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस आधी. पुढे यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या नेमल्या गेल्या. आता समाजमाध्यमांवरील जाहिरातीही त्यांच्याकडे येतात.

१४/ लोकशाहीचा गाडा येथे हळूच एका वेगळ्या चाकोरीत शिरला. १९६१ चे कलम ‘कोण बोलतो’ असे विचारत होते. २००४ ची व्यवस्था ‘काय बोलतो’ असे विचारू लागली. बोलण्याआधी तपासणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याच्या सावलीत येथली रंगभूमी वाढली. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९१० साली बंद पाडले गेले, कारण प्रेक्षकाला कीचकात कर्झन दिसत होता. स्वातंत्र्यानंतरही परिनिरीक्षण मंडळ राहिले, आणि तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात जावे लागले. पूर्वतपासणीचा स्वभाव नाटकात आणि निवडणुकीत वेगळा असेल असे मानण्यास आधार नाही. ती नेहमी अर्थापेक्षा शब्दाला पकडते, कारण शब्दावर बोट ठेवता येते.

१५/ पुन्हा एप्रिल २०२४. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाने मशाल या नव्या चिन्हाचे प्रचारगीत तयार केले. ते प्रमाणनासाठी गेले असता त्यातील ‘जय भवानी’ आणि ‘हिंदू’ हे शब्द काढण्यास आयोगाकडून सांगण्यात आले. २१ एप्रिलला उद्धव ठाकरे यांनी शब्द काढणार नाही असे जाहीर केले. कर्नाटकच्या प्रचारात पंतप्रधानांनी बजरंगबलीचा जयघोष करायला सांगितले, मध्य प्रदेशात अमित शहांनी रामलल्लाच्या मोफत दर्शनाचे आश्वासन दिले, त्याचे काय, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. मंठ्याचे मतदान तेव्हा पाच दिवसांवर आले होते, आणि परभणीतून मशाल चिन्हावर संजय जाधव उभे होते. हा वाद या तालुक्याच्या दृष्टीने दूरच्या मुंबईतला नव्हता. गीत येथल्याच मतदारासाठी होते.

१६/ ‘जय भवानी’ हे धर्माच्या नावाने मत मागणे आहे की शिवकाळापासून मराठी मुखात रुळलेली घोषणा, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. तुळजापूरची भवानी देवी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिचे नाव राजकीय एकजुटीची खूण झाले आहे, हेही तितकेच खरे. अशा शब्दाचा निवाडा युक्तिवाद ऐकून, कारणे लिहून, उघडपणे व्हायला हवा. समितीच्या टेबलावर, मतदान तोंडावर असताना, दोन शब्द वगळण्याच्या सूचनेने तो होत नाही. शिवाय तीच कसोटी मंचावरून बोलणाऱ्याला लागत नाही, कारण भाषणाला पूर्वप्रमाणन नसते. जो गीत लिहून आणतो तो अडकतो. जो हजारोंच्या सभेत उत्स्फूर्त बोलतो त्याला फार तर नंतर नोटीस जाते.

१७/ पूर्वतपासणीच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद याच महाराष्ट्राने दिला आहे, आणि तो टाळून चालणार नाही. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारातील बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांत धर्माच्या आधारे मते मागितली गेली, हे भ्रष्ट आचरण ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले ११ डिसेंबर १९९५ रोजी. ठाकरे यांचा मताधिकार डिसेंबर २००१ पर्यंत काढून घेणारा आदेश निघाला १९९९ मध्ये.

१८/ भाषण १९८७ चे, अंतिम निकाल १९९५ चा, शिक्षेचा आदेश १९९९ चा. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंग प्रकरणात तर धर्माच्या आधारे मत मागण्याच्या बंदीची व्याप्ती सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी २ जानेवारी २०१७ रोजी ठरवली. तोवर कित्येक विधानसभा येऊन गेल्या. बोलून झाल्यावर न्याय मागायचा तर तो असा येणार. मग आधीच तपासले तर काय बिघडले, हा प्रश्न म्हणूनच हलका नाही.

१९/ तथापि त्या युक्तिवादाची एक बाजू नजरेआड होते. विलेपार्ल्यात अडचण शब्द कोणाचे हे न कळण्याची नव्हती. बोलणारा उघड होता, ध्वनिमुद्रण होते, साक्षीदार होते. चुकले ते न्यायालयाच्या गतीत. त्यावर उपाय निवडणूक याचिकांचा निकाल वेळेत लावणे हा आहे. कायदा स्वतःच म्हणतो की उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सुनावणी पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा. ते न जमल्याचा भार गीतकाराच्या दोन शब्दांवर टाकणे म्हणजे रोग पोटात असताना पायाला पट्टी बांधणे होय.

२०/ खरी अडचण जेथे बोलणारा लपतो तेथे आहे. त्यासाठी मंठ्याहून फार लांब जावे लागत नाही, मराठवाड्यातच नांदेड जिल्ह्यातील भोकर पुरेसे आहे.

२१/ ऑक्टोबर २००९. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून एक लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. नोव्हेंबरच्या अखेरीस पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले की प्रचारकाळात मराठी दैनिकांत चव्हाणांची स्तुती करणारी किमान ४७ पूर्ण पाने आली, त्यांतील बरीच रंगीत. ‘अशोक पर्व’ या मथळ्याने पुरवणी निघाली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच लेख शब्दशः सारखा छापून आला. आणि उमेदवाराने आपल्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये, केबलवरील जाहिरातींचा ६,००० रुपये.

२२/ पाने जाहिरात म्हणून नव्हे, बातमी म्हणून छापली होती. तळाशी ‘जाहिरात’ नव्हते, प्रकाशकाचे निवेदन नव्हते, खर्चाची मर्यादा नव्हती. त्या वेळी विधानसभा उमेदवाराची मर्यादा १० लाख होती. बातमीला ती लागत नाही. पैसे दिल्याचा आरोप चव्हाण यांनी नाकारला, वृत्तपत्रांनीही तो मान्य केला नाही. माधवराव किन्हाळकर या पराभूत उमेदवाराने आणि इतरांनी आयोगाकडे तक्रार नेली.

२३/ पुढचा प्रवास तारखांतच सांगण्यासारखा आहे. हिशेबाच्या खरेखोटेपणात आयोगाला जाता येते का, हाच मुद्दा आधी दिल्ली उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. येते, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी सांगितले. जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब विहित रीतीने सादर झाला नाही असे म्हणत अपात्र का ठरवू नये अशी नोटीस दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एवढ्यात २००९ च्या विधानसभेची मुदत संपत आली होती, आणि चव्हाण मे महिन्यातच नांदेडहून लोकसभेवर निवडून गेले होते. चव्हाण यांच्यावर काहीही सिद्ध झाले नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवायला हवे. परंतु ती ४७ पाने कोणाच्या खर्चाने छापली गेली, याचे उत्तर मतदाराला कोणीही दिले नाही, हेही नोंदवायला हवे.

२४/ वृत्तपत्रसृष्टीने स्वतःच्या घरात काय केले? भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या वतीने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल लिहिला. परिषदेने प्रसिद्ध केला तो त्याचा अगदी आखूड अवतार. मूळ अहवाल बाहेर आला २०११ च्या अखेरीस, माहिती आयोगाच्या आदेशानंतर. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव या प्रकारासाठी अपात्र ठरल्या, म्हणजे मार्ग अगदीच बंद नव्हता. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात पैसे देऊन छापलेली बातमी हा स्वतंत्र गुन्हा करावा असे सुचवले. कायद्यात तो अद्याप आलेला नाही.

२५/ ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. गीतातील दोन शब्दांसाठी समिती, अर्ज, मुदत, हरकत, सारे सज्ज आहे. ४७ पानांसाठी पाच वर्षे आणि तीन पायऱ्यांचा वाद. नियम उघड बोलणाऱ्याला जितके घट्ट धरतात तितका लपून बोलणारा मोकळा राहतो. आणि व्यवहारी पक्षाने यातून काय धडा घ्यावा, हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही.

२६/ भोंगा आता खिशात आला आहे. कलम १२७ क ‘छपाई’विषयी बोलते, मोबाइलवर पुढे ढकललेले चलचित्र छापलेले नसते, म्हणून त्यावर ती बारीक ओळ नसते. मुंबई उच्च न्यायालयात सागर सूर्यवंशी यांनी शेवटच्या ४८ तासांतील समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींविषयी जनहित याचिका केली. मार्च २०१९ मध्ये कंपन्यांनी ‘स्वेच्छा आचारसंहिता’ स्वीकारली. स्वेच्छा हा शब्द पुरेसा बोलका आहे. मे २०२४ मध्ये आयोगाने खोट्या बनावट चित्रफिती निदर्शनास येताच तीन तासांत काढण्यास पक्षांना सांगितले. तीन तासांत मंठ्याच्या एका गटातून ती चित्रफीत किती गावांत जाते, याचा अंदाज मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

२७/ ब्रिटनने २०२२ च्या निवडणूक कायद्याने छापील पत्रकावरची नाव-पत्त्याची अट डिजिटल प्रचारालाही लावली; नोव्हेंबर २०२३ पासून ती अमलात आहे. युरोपीय संघाने त्याहून कडक पारदर्शकतेचे नियम केले, तेव्हा गूगल व मेटा यांनी तेथे राजकीय जाहिराती घेणेच थांबवले. हा इशारा लक्षात ठेवावा: नियम सोपा असला तर पाळला जातो, जड झाला तर कंपनी दुकान उचलते आणि प्रचार पुन्हा निनावी वाटांनी जातो.

२८/ भारताला सोपा नियम शोधण्यासाठी बाहेर जाण्याची गरजही नाही. तो १९६१ पासून आपल्याकडे आहे. कलम १२७ क मधील ‘मुद्रण’ या शब्दाची व्याप्ती वाढवून पैसे देऊन पसरवलेल्या प्रत्येक मजकुरावर, मग तो वृत्तपत्रातील पुरवणी असो वा चित्रफीत, प्रायोजकाचे नाव आणणे ही दुरुस्ती मोठी नाही. सामान्य माणसाने स्वतःच्या मनाने लिहिलेली पोस्ट त्यात येऊ नये. पैसा जेथे जातो तेथेच नाव मागावे. दुसरे, जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जाणारी निवेदने आणि प्रमाणन समितीचे निर्णय, कारणांसह, त्याच दिवशी लोकांना पाहता यावेत. आज मुद्रकाची ती प्रत कार्यालयातल्या कपाटात जाते. ज्या मतदारासाठी कलम झाले त्यालाच ती दिसत नाही.

२९/ यावर एक आक्षेप येईल की प्रायोजकाचे नाव छापूनही खरा पैसेवाला दुसऱ्याच्या नावाआड लपेल. लपेल. परंतु खोटे निवेदन सहीनिशी दिलेले असेल तर ते पुढे पुराव्यात येते. निनावी पानाचा पुरावाच नसतो. भोकर प्रकरणात आयोगाच्या हाती एकही सही नव्हती, आणि वादाची पाचही वर्षे त्या नसलेल्या सहीभोवती फिरली.

३०/ आणखी एक गाठ खर्चाच्या मर्यादेत आहे. लोकसभेसाठी मोठ्या राज्यांत उमेदवाराची मर्यादा ९५ लाख, विधानसभेसाठी ४० लाख. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता प्रकरणात पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराचाच धरावा असे म्हटले, आणि काही आठवड्यांत संसदेने कायदा बदलून तो निर्णय निष्प्रभ केला. पुढे २००३ मध्ये त्यात फेरफार झाला, तरी पक्षाच्या एकूण खर्चावरचे कुंपण आजवर आलेले नाही. ते नसेल तोवर मंठ्यातील अपक्षाने भरलेल्या रिक्षाभाड्याची पावती बारकाईने तपासली जाईल आणि राज्यभर वाजणाऱ्या जाहिरातीचा आकडा पक्षाच्या वार्षिक हिशेबात कोठेतरी एका ओळीत बसेल. त्या ओळीवर पुढचा धागा.